सार्वजनिक संस्थेचा फलक आणि आकारमर्यादेतील शिथिलता : अमेरिकेतील झोनिंगच्या कायद्यातील एक लहान प्रश्न

नगररचनेच्या अभ्यासकाचे लक्ष साहजिकच महामार्ग, वसाहती, विकास-आराखडे असल्या मोठ्या विषयांकडे जाते. एखाद्या ग्रंथालयापुढील फलक ३२ चौरस फुटांचा असावा की ६० चौरस फुटांचा, हा प्रश्न त्यास क्षुल्लक वाटला तर नवल नाही. परंतु अमेरिकेतील नगरांत ज्या मंडळांकडे झोनिंगच्या नियमांत शिथिलता मागणारे अर्ज येतात, त्यांच्या बैठकींपुढे असलेच प्रश्न वारंवार उभे राहतात. आणि नियम व अपवाद ह्यांचे नाते पारखून पाहण्यास ह्याहून सोयीचे स्थळ क्वचितच सापडेल. घराला मजला चढवू पाहणारा घरमालक किंवा दुकानाचा फलक उंचावू पाहणारा व्यापारी मंडळापुढे आला म्हणजे सभासद सावध असतात. ग्रंथालय, रुग्णालय, शाळा किंवा अग्निशमन केंद्र आले म्हणजे ती सावधगिरी ढिली पडते. अर्जदार लोकांच्याच पैशावर लोकांचेच काम करीत असतो, मागणी माफक असते, शेजारी तक्रार करीत नाहीत, आणि हात वर करून मोकळे व्हावे असे सर्वांनाच वाटते. अशा वेळी सर्वांत आधी सुचणारे कारण, म्हणजे संस्था लोकोपयोगी आहे हे, कायद्याच्या दृष्टीने सर्वांत कच्चे का ठरते, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम ज्या वस्तूविषयी हा वाद आहे तिचा परिचय करून घेऊ. तिकडे ज्यास मॉन्युमेंट साइन म्हणतात त्या फलकाचा स्मारकाशी काही संबंध नाही. उंच खांबावर चढविलेल्या फलकाहून निराळा, विटांच्या, दगडाच्या किंवा काँक्रीटच्या भरीव बैठकीवर जमिनीलगत उभारलेला बुटका फलक, एवढाच त्याचा अर्थ. त्यास आपण बैठा फलक म्हणू. मोटारींच्या रस्त्यांवर खांबांची आणि झगमगत्या पाट्यांची जी दाटी झाली तिच्यावरचा उतारा म्हणून पुष्कळ नगरांनी हा प्रकार पसंत केला. त्यास नियमांत मुख्यतः दोन मापे लावलेली असतात : उंची आणि दर्शनी भागाचे क्षेत्रफळ. ३२ चौरस फूट ही मर्यादा अनेक ठिकाणी आढळते. चार फूट रुंद व आठ फूट लांब अशा प्लायवुडच्या अखंड फळीचे क्षेत्रफळ नेमके तेवढेच भरते, हा योगायोग असो वा नसो. क्षेत्रफळ कशाचे मोजावयाचे, ह्याबाबत मात्र एकवाक्यता नाही. काही नियमांत अक्षरांभोवती काढलेल्या लहानात लहान आयताचे क्षेत्र धरतात, काहींत संपूर्ण फळीचे. बैठक बहुधा वगळतात, आणि पाठीला पाठ लावलेल्या दोन बाजूंपैकी बहुधा एकच मोजतात. ह्या व्याख्येवर पुढे बरेच अवलंबून असल्याने अर्ज तपासणाऱ्याने ती प्रथम वाचावी. शिथिलतेची गरजच नाही असे तीतून निघाल्यास पुढचा सारा खटाटोप वाचतो.

नियम शिथिल करण्याचा अधिकार झोनिंगइतकाच जुना आहे. न्यूयॉर्क शहराने १९१६ मध्ये संपूर्ण शहरास लागू होणारे झोनिंगचे नियम केले, तेव्हाच अपवादाची वाट काढण्यासाठी एक मंडळही नेमले. पुढे हर्बर्ट हूव्हर हे वाणिज्य-सचिव असताना त्यांच्या खात्याने राज्यांच्या उपयोगासाठी एक नमुना कायदा रचला. त्याची सुधारलेली आवृत्ती १९२६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी युक्लिड गाव विरुद्ध ॲम्बलर रिॲल्टी कंपनी ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने झोनिंग हे तत्त्वतः घटनेस धरून आहे असा निर्णय दिला. नमुना कायद्यातील शिथिलतेच्या कलमाचा आशय असा : शिथिलता सार्वजनिक हिताच्या विरुद्ध नसावी, काही विशेष परिस्थितीमुळे नियमाच्या शब्दशः पालनातून अनावश्यक जाच होत असला पाहिजे, आणि नियमाचा मूळ हेतू राखून खरा न्याय साधला गेला पाहिजे. मंडळ पाच जणांचे असावे आणि शिथिलता देण्यास चौघांची संमती लागावी, अशीही तरतूद त्यात होती. साध्या बहुमताने नियमास वळसा घालता येऊ नये, ही खबरदारी अशा रीतीने मंडळाच्या रचनेतच घेतलेली होती.

‘अनावश्यक जाच’ ह्या दोन शब्दांभोवती नंतरच्या न्यायनिर्णयांचा मोठा पसारा उभा राहिला. ऑटो विरुद्ध स्टाइनहिल्बर ह्या १९३९ च्या खटल्यात न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तीन गोष्टी सिद्ध करावयास सांगितल्या : नियमाप्रमाणे वापर केल्यास जमिनीपासून वाजवी प्राप्ती होत नाही, ही अडचण त्या जमिनीपुरतीच विशेष आहे, सबंध परिसराची नाही, आणि मागितलेल्या वापराने परिसराचे मूळ स्वरूप बदलणार नाही. ही कसोटी वापर बदलू पाहणाऱ्यासाठी होती. फलकाचा अर्ज ह्या जातीचा नाही. येथे वापर तोच राहतो, केवळ माप बदलते. अशा मापाच्या शिथिलतेस अनेक राज्यांनी सौम्य कसोटी लावली. न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून अमलात आलेल्या कायद्यानुसार मंडळाने अर्जदाराचा लाभ एका पारड्यात व परिसराची हानी दुसऱ्या पारड्यात घालून पाहावयाची असते, आणि त्यासाठी पाच गोष्टी विचारात घ्यावयाच्या असतात : परिसरात अनिष्ट बदल होईल काय, हाच लाभ दुसऱ्या मार्गाने मिळू शकतो काय, मागणी मोठी आहे काय, भौतिक परिस्थितीवर दुष्परिणाम होईल काय, आणि अडचण अर्जदाराने स्वतःच ओढवून घेतलेली आहे काय. मिनेसोटा राज्यात ह्या प्रश्नाने मोठे वळण घेतले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये, गॅरेजवर मजला चढविण्याच्या एका प्रकरणात, कायद्यातील जाच ह्या शब्दाचा अर्थ अक्षरशः घेतला : शिथिलतेवाचून मालमत्तेचा वाजवी वापर होणेच अशक्य असेल तरच ती द्यावयाची. साऱ्या नगरांतील मंडळांचे हात त्यामुळे बांधले गेले, आणि पुढच्याच वर्षी विधिमंडळास कायदा बदलून ‘व्यावहारिक अडचणी’ ही कसोटी घालावी लागली. तरीही त्या सौम्य कसोटीत एक अट कायम राहिली : अडचण त्या मालमत्तेच्या विशेष परिस्थितीतून निघाली पाहिजे, आणि मालकाने निर्माण केलेली असता कामा नये.

आता विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित अर्ज घेऊ. एका लहान नगराच्या निवासी विभागात काउंटीच्या ग्रंथालयाची शाखा आहे. इमारत रस्त्यापासून बरीच आत, झाडांच्या मागे आहे. पुढील रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ४५ मैल असून पूर्वेकडून येताना वळण लागते. नियमाप्रमाणे बैठा फलक ३२ चौरस फुटांचा व सहा फूट उंचीचा असावा. ग्रंथालयाने ६० चौरस फूट क्षेत्रफळ व आठ फूट उंची मागितली आहे. कारणे तीन दिली आहेत : वाचकांस ग्रंथालय सापडत नाही, रस्ता वळणाचा व वेगाचा आहे, आणि ग्रंथालय ही सार्वजनिक सेवा आहे.

अर्जाच्या गुणदोषांकडे वळण्यापूर्वी एक पूर्वप्रश्न सोडवावा लागतो. काउंटी ही स्वतः एक शासनसंस्था. नगराचा नियम तिला बंधनकारक आहे काय? ह्यास राज्याराज्यांत निरनिराळी उत्तरे मिळाली आहेत. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये रटगर्स विद्यापीठाच्या प्रकरणात, विवाहित विद्यार्थ्यांच्या निवासांची संख्या मर्यादित करणारा स्थानिक नियम विद्यापीठास लागू नाही असे ठरविले. मात्र ही मुक्तता निरंकुश नसून संस्थेने वाजवीपणे वागले पाहिजे, हेही बजावले. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९८८ मध्ये मन्रो काउंटीच्या विमानतळाच्या विस्ताराबाबत तोच विचार स्वीकारून जुन्या ठोकळेबाज कसोट्या टाकून दिल्या आणि परस्परविरोधी सार्वजनिक हितांचा तोल पाहावा असे सांगितले : संस्थेचे स्वरूप कोणते, काम कोणत्या प्रकारचे, त्यात लोकहित किती, स्थानिक नियमाने त्या कामास बाध कितपत येतो, आणि मुक्तता दिल्यास स्थानिक हिताचे किती नुकसान होते. विमानतळाच्या धावपट्टीस ह्या तोलात जे वजन मिळते ते फलकास मिळणे कठीण आहे. फलक २८ चौरस फुटांनी लहान राहिल्याने ग्रंथालयाचे काम अडत नाही. म्हणून अनेक सार्वजनिक संस्था मुक्ततेचा वाद न घालता मंडळापुढे येणेच पसंत करतात. ते सुज्ञपणाचे आहे असे मला वाटते. परंतु एकदा मंडळापुढे आल्यावर इतरांस लागणारी कसोटी आपणांस लागू नये असे म्हणण्याचा अधिकार त्यांस उरत नाही.

सार्वजनिक मालकीच्या जागेस स्थानिक मापाचा नियम लागतो की नाही, हा केवळ पंडिती प्रश्न नव्हे, हे महाराष्ट्रातील वाचकांस वेगळे सांगावयास नको. १३ मे २०२४ रोजी घाटकोपर येथे वादळी वाऱ्यात जाहिरातीचा प्रचंड फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसे मृत्युमुखी पडली. फलक रेल्वे पोलिसांच्या ताब्यातील जागेवर उभा होता. महापालिकेची कमाल मर्यादा ४० फूट लांब व ४० फूट रुंद एवढी असता तो सुमारे १२० फूट लांब व तितकाच रुंद होता, म्हणजे क्षेत्रफळाने नऊपट. आणि आपली परवानगी घेतलेलीच नव्हती असे महापालिकेने सांगितले. ग्रंथालयाचा बुटका फलक आणि तो सांगाडा ह्यांची तुलना इतर कोणत्याही बाबतीत होऊ शकत नाही. पण जागा एका शासकीय संस्थेची व नियम दुसरीचा असला म्हणजे माप कोणी तपासावयाचे हे अनिश्चित राहते, एवढा धागा दोहोंत समान आहे.

आता मुख्य प्रश्न. शिथिलता ही जमिनीस मिळते, संस्थेस नव्हे. अमेरिकन कायद्यात हे तत्त्व पक्के आहे : एकदा दिलेली शिथिलता जमिनीबरोबर चालते, मालक बदलला तरी संपत नाही. काउंटीने उद्या ती शाखा बंद करून इमारत विकली आणि तेथे विमा कंपनीचे कार्यालय थाटले गेले, तर साठ फुटांचा फलक उभारण्याचा हक्क त्या कार्यालयास आयता मिळतो. म्हणून ‘ग्रंथालय ही सार्वजनिक सेवा आहे’ हे तिसरे कारण कितीही खरे असले तरी त्याचा निर्णयाशी संबंध लागत नाही. जी गोष्ट जमिनीबरोबर राहणार नाही तिच्या आधारावर जमिनीबरोबर राहणारा हक्क देणे हा तर्कदोष आहे. पहिले कारणही, म्हणजे वाचकांस ग्रंथालय सापडत नाही हे, एवढ्याने पुरत नाही. ते परिणामाचे वर्णन आहे, कारणाचे नव्हे. उरते ते दुसरे, रस्त्याचे वळण आणि वेग. अर्जातील सर्वांत रूक्ष वाक्य तेवढे कायद्याच्या कामाचे.

ते तरी कितपत टिकते ते पाहू. अक्षरांच्या वाचनीयतेविषयी अमेरिकेतील रस्त्यांवरच्या चिन्हांच्या राष्ट्रीय नियमपुस्तिकेत एक सोपे प्रमाण दिलेले आहे : अक्षराच्या उंचीच्या दर इंचास ३० फूट अंतर. ताशी ४५ मैल वेगाने मोटार सेकंदाला ६६ फूट जाते. समजा, सध्याच्या मर्यादेत बसणारी अक्षरे सहा इंचांची आहेत. ती १८० फुटांवरून वाचता येतात आणि चालकास २.७ सेकंद मिळतात. अर्जातील मोठ्या फलकावरील अक्षरे नऊ इंचांची. ती २७० फुटांवरून वाचता येतात आणि ४.१ सेकंद मिळतात. पश्चिमेकडून सरळ रस्त्याने येणाऱ्या चालकास हा लाभ खरोखरच होतो. पण अर्जाचा भर आहे तो पूर्वेकडील वळणावर. तेथे जागेची पाहणी करता असे आढळले समजा की, वळणामुळे फलक मुळी २०० फुटांच्या आत आल्यावरच दृष्टीस पडतो. जो दिसतच नाही तो फलक वाचता कसा येणार? २०० फुटांवरून वाचण्यास पावणेसात इंचांची अक्षरे पुरेशी होत. त्याहून मोठ्या अक्षरांचा पूर्वेकडून येणाऱ्यास काहीही उपयोग नाही. २८ चौरस फूट वाढवून त्यास मिळतात ते अवघे २० फूट, म्हणजे सुमारे ०.३ सेकंद.

हा हिशेब शाळकरी वाटेल, परंतु अर्ज तपासण्याचे मर्म त्यातच आहे. सांगितलेली अडचण खरी आहे, ती जमिनीच्या परिस्थितीतून निघालेली आहे, अर्जदाराने ओढवून घेतलेली नाही. आणि तरीही मागितलेला उपाय त्या अडचणीवरचा नाही. वळणाच्या अडचणीवर उपाय आहे तो फलकाची जागा बदलण्याचा. नियमाने रस्त्याच्या हद्दीपासून सोडावयाचे अंतर काही फुटांनी कमी केले आणि त्यामुळे फलक पूर्वेकडूनही २७० फुटांवरून दिसू लागला, तरच नऊ इंची अक्षरे सार्थ होतात. अर्थात फलक रस्त्याजवळ सरकविताना आवाराच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या मोटारीच्या चालकाची नजर अडता कामा नये. कोपऱ्यावर व प्रवेशमार्गाशी जो त्रिकोण दृष्टीसाठी मोकळा ठेवावयाचा असतो तो येथे आड येऊ शकतो, आणि आठ फूट उंचीची मागणी ह्याच ठिकाणी प्रथम तपासली पाहिजे. खांबावरचा फलक ह्या बाबतीत कमी अडथळ्याचा, कारण त्याच्याखालून दिसते. बैठ्या फलकाची भरीव बैठक ही भिंतच.

क्षेत्रफळाचाही हिशेब मांडून पाहावा. संस्थेचे नाव प्रत्येकी चौदा अक्षरांच्या दोन ओळींत बसते असे धरू, आणि रोमन लिपीतील मोठे अक्षर मोकळ्या जागेसह आपल्या उंचीइतकी रुंदी घेते असे स्थूलमानाने मानू. नऊ इंचांची चौदा अक्षरे म्हणजे साडेदहा फूट; दोन ओळी व त्यांमधील अंतर मिळून सव्वादोन फूट. क्षेत्रफळ २४ चौरस फुटांच्या आत राहते. चारही बाजूंस अर्धा फूट कड सोडल्यास फळी साडेअकरा फूट लांब व सव्वातीन फूट उंच होते, म्हणजे ३८ चौरस फुटांच्या आत. नगराचा नियम अक्षरांभोवतीचा आयत मोजणारा असेल तर शिथिलतेची गरजच नाही. फळी मोजणारा असेल तर सहा चौरस फुटांची आहे. मग उरलेले २२ चौरस फूट कशासाठी? नकाशा उलगडून पाहिल्यावर उत्तर मिळते : बदलत्या मजकुराच्या विद्युत्-फलकासाठी. त्याविषयी अर्जाच्या निवेदनात एक अक्षर नाही. वळणाशी त्याचा संबंध नाही, वेगाशी असल्यास उलटाच आहे. अर्जाचे सबळ कारण एका मागणीचे आणि क्षेत्रफळ दुसऱ्या मागणीचे, हा प्रकार हेतुपुरस्सर होतो असे नाही. आराखडा फलक बनविणारा कंत्राटदार करतो, निवेदन संस्थेचा अधिकारी लिहितो, आणि दोघांची गाठ पडलेली नसते.

येथे तपासणाऱ्यास एक मोह होतो, तो टाळला पाहिजे. ‘कथाकथनाच्या वेळा फलकावर कशाला? देणगीदाराचे नाव काढा, मग जागा होईल’ असे सभासद सहज बोलून जातात. परंतु फलकावर काय लिहावे हा प्रश्न मंडळाच्या अधिकाराबाहेरचा आहे, आणि २०१५ नंतर तर त्यास स्पर्श करणे धोक्याचे झाले आहे. त्या वर्षी रीड विरुद्ध गिल्बर्ट नगर ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ॲरिझोनातील गिल्बर्टचा फलकविषयक नियम रद्द ठरविला. त्या नियमात वैचारिक मजकुराच्या फलकास २० चौरस फुटांपर्यंत मुभा होती, राजकीय फलकास बिगर-निवासी जागेत ३२ पर्यंत, आणि एखाद्या कार्यक्रमाची दिशा दाखविणाऱ्या तात्पुरत्या फलकास अवघी सहा. एका लहान चर्चला आपल्या प्रार्थनासभेची वाट दाखविणे त्यामुळे कठीण झाले होते. मजकूर वाचल्यावाचून कोणते माप लागू हे ज्या नियमात कळत नाही तो नियम मजकुरावर आधारलेला, आणि म्हणून कठोरात कठोर छाननीस पात्र, असे न्यायमूर्ती टॉमस ह्यांनी निकालपत्रात म्हटले. न्यायमूर्ती अलिटो ह्यांनी जोडलेल्या स्वतंत्र पत्रात आकार, जागा व प्रकाश ह्यांवरील मजकूरनिरपेक्ष नियम वैध राहतात हे स्पष्ट केले, आणि शासनसंस्थांस स्वतःचे फलक उभारण्याची मोकळीक आहे हेही नमूद केले.

ह्या शेवटच्या वाक्याचा आधार घेऊन कोणी म्हणेल की ग्रंथालयाचा फलक हे शासनाचे स्वतःचे वक्तव्य असल्याने रीडच्या निर्णयाची चिंता येथे नको. तांत्रिक दृष्ट्या ते बरोबर असेल. पण मंडळाच्या इतिवृत्तात लिहिले गेलेले कारण त्या अर्जापाशी थांबत नाही. ‘फलकावरील माहिती लोकांस उपयुक्त असल्याने’ शिथिलता दिली असे आज लिहिले, की उद्या खाजगी रुग्णालय, परवा चर्चची शाळा आणि तेरवा औषधांचे दुकान त्याच वाक्यावर बोट ठेवणार. मग उपयुक्त माहिती कोणती व निरुपयोगी कोणती हे ठरवीत बसण्याची पाळी मंडळावर येते, आणि नेमके तेच त्याला करता येत नाही. ‘पूर्वेकडील वळणामुळे फलक २०० फुटांच्या आत आल्यावरच दिसतो’ असे लिहिले तर पुढच्या अर्जदारास आपल्या रस्त्याचे वळण दाखवावे लागेल. शिथिलतेच्या निर्णयाने कायदेशीर पायंडा पडत नाही असे ग्रंथांत म्हटलेले असते. ज्याने अशा मंडळांची दोन-चार इतिवृत्ते वाचली आहेत त्याचा त्यावर विश्वास बसणार नाही.

अडचण विशेष आहे की सार्वत्रिक, हा मुद्दा ओघानेच येतो. ताशी ४५ मैल वेग ही त्या रस्त्यावरील प्रत्येक जमिनीची परिस्थिती आहे. तेवढ्यावर ग्रंथालयास शिथिलता दिली तर शेजारच्या दवाखान्यास नाकारता येणार नाही. वेगाच्या रस्त्यांवर ३२ चौरस फूट खरोखरच अपुरे असतील तर नियमच चुकला आहे, आणि तो दुरुस्त करण्याचे काम लोकांनी निवडून दिलेल्या नगरसभेचे आहे, नेमलेल्या मंडळाचे नव्हे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये टोपांगा खोऱ्यातील चाकांवरच्या घरांच्या वसाहतीस दिलेली शिथिलता रद्द केली ती अशाच विचाराने. अर्जदाराची जमीन कशी आहे हे कागदपत्रांत भरपूर होते, परंतु त्याच विभागातील इतर जमिनींहून ती कोणत्या बाबतीत निराळी, ह्याचा पुरावाच नव्हता. पुराव्यापासून निर्णयापर्यंत मंडळ कोणत्या पायऱ्यांनी गेले हे लेखी निष्कर्षांतून दिसले पाहिजे, असा दंडकही त्याच निकालाने घालून दिला. ‘सर्व निकष पूर्ण होतात’ असे एका ओळीत लिहून मोकळे होण्याची जी सवय मंडळांस असते, तिला त्या राज्यात तरी तेव्हापासून आधार राहिलेला नाही.

सवय मात्र सहजी जात नाही. १९६२ मध्ये ड्यूकमिनियर व स्टेपल्टन ह्या दोघा अभ्यासकांनी केंटकी राज्यातील लेक्सिंग्टनच्या मंडळाच्या कामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. कायद्याने सांगितलेल्या कसोट्या आणि मंडळाचे प्रत्यक्ष निर्णय ह्यांतील दरी त्यात उघडी पडली, आणि त्याचे शीर्षकच अंदाधुंद कारभारावर बोट ठेवणारे होते. सभासद हे बहुधा बिनपगारी, सज्जन नागरिक. शेजाऱ्याला नाही म्हणणे त्यांस जड जाते. ‘कोणीही हरकत घेतली नाही’ हे वाक्य त्यामुळे इतिवृत्तांत पुराव्याच्या थाटात येते. हरकत नसणे हा जाचाचा पुरावा नव्हे. फार तर परिसराच्या हानीबद्दल त्यावरून थोडे अनुमान करता येते. तरीही ही सारी चूक उघड्या सभेत, शेजाऱ्यांस नोटिसा देऊन, नावानिशी मते नोंदवून होते, हे विसरू नये. बृहन्मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतही स्पष्टपणे दाखविता येण्याजोगा जाच होत असल्यास मापे शिथिल करण्याचा अधिकार होता. आरोग्य व सुरक्षितता ह्यांस बाध येऊ नये आणि कारणे लेखी नोंदवावीत अशा अटीही होत्या. परंतु तो अधिकार एकट्या आयुक्तांचा होता. दोन पद्धतींपैकी कोणती बरी ह्याचा निर्णय केवळ कायद्याची कलमे शेजारी शेजारी ठेवून होणार नाही. त्यासाठी दोन्हीकडची प्रकरणे शेकड्यांनी वाचावी लागतील, आणि पदव्युत्तर प्रबंधास तो विषय चांगला आहे.

आपल्या कल्पित अर्जाचे काय करावयाचे? माझ्या मते मंडळाने तो तीन भागांत वेगळा करावा. विद्युत्-फलकाचे २२ चौरस फूट नाकारावेत, कारण त्यासाठी जमिनीच्या परिस्थितीचे एकही कारण पुढे आलेले नाही. आठ फूट उंचीही नाकारावी. दोन ओळींच्या फलकास तिची गरज नाही. फळीचे क्षेत्रफळ ३८ चौरस फुटांपर्यंत वाढविण्यास संमती द्यावी, पण ती फलक पुढे सरकविण्याच्या अटीवर, कारण सध्याच्या जागी वाढीव अक्षरे वळणावरून येणाऱ्यास निरुपयोगी आहेत. आणि येथे अडते. रस्त्याच्या हद्दीपासूनचे अंतर कमी करण्याची मागणी अर्जात नव्हती; शेजाऱ्यांस गेलेल्या नोटिशीत केवळ क्षेत्रफळ व उंची ह्यांचा उल्लेख होता. ज्या शिथिलतेची सूचनाच कोणास मिळालेली नाही ती त्या दिवशी देता येणार नाही. सुनावणी पुढील बैठकीपर्यंत तहकूब करून ग्रंथालयाकडून दुरुस्त अर्ज, रस्त्याच्या वळणाचा मोजणी-नकाशा आणि फाटकापाशी मोकळ्या ठेवावयाच्या त्रिकोणाची आकृती मागवावी, आणि नोटिसा नव्याने काढाव्यात.